चोविसावे प्रकरण आणि चवदार तळे

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० चे चोविसावे प्रकरण ऑनलाइन शिक्षणाविषयी आहे. डिजिटल दरी मिटल्याशिवाय या शिक्षणाचा लाभ होणार नाही, हे ते मान्य करते. पण उपाय काय? डिजिटल इंडिया मोहीम आणि परवडणारी उपकरणे! ही दरी कोणाच्या वाट्याला आणि का आली, याचा विचार तिथे नाही. २०१७-१८ च्या राष्ट्रीय नमुना पाहणीत शहरी घरांपैकी २३.४ टक्के आणि ग्रामीण घरांपैकी ४.४ टक्के घरांतच संगणक होता.

अंबरनाथ एमआयडीसीत कंत्राटी कामावर जाणाऱ्यांची मुले माझ्या वर्गात बसतात. कित्येकांच्या घरी चांगला फोन एकच, आणि तो बापाबरोबर पाळीला जातो. शिष्यवृत्तीचा अर्ज पोरे नाक्यावरच्या सायबर कॅफेत पैसे मोजून भरून घेतात. पासवर्ड मात्र दुकानदाराच्या वहीत राहतो. अशा पोराला आपण ‘जोडलेला’ म्हणायचे काय?

१९२३ साली मुंबई कायदेमंडळात बोले ठराव झाला. पुढे महाड नगरपालिकेनेही चवदार तळे खुले केल्याचा ठराव केला. तरी पाण्याला हात लागायला २० मार्च १९२७ उजाडावा लागला. बाबासाहेबांना हजारोंसह तळ्यावर जावे लागले. ठराव आणि ओंजळ यांतले हे अंतर चोविसाव्या प्रकरणाला दिसत नाही.

म्हणून वाटलेले टॅब मोजून भागणार नाही. वस्तीतल्या विहारात, वाचनालयात पाळी सुटल्यावरही उघडे राहणारे संगणक-दालन आहे काय? तिथे शिकवणारा पगारी माणूस आहे काय? पोरींना तिथे निर्धास्त बसता येते काय? हे प्रश्न कार्यकर्त्यांनी आणि शिक्षकांनी नगरपालिकेच्या दारात नेऊन विचारले पाहिजेत.