मानेपासून दूर

वायरीचा जोड पाहायचा तर त्यावर स्लीव्ह चढण्याआधी. एकदा ती चढली की कसबी हाताचा जोड आणि उरकलेला जोड सारखेच काळे दिसतात. घाटकोपर पश्चिमेला, एलबीएस मार्गाला लागून असलेल्या गल्लीत माझ्या आरएक्स १००ची टाकी उतरवली होती, म्हणून मेस्त्रींचा जोड उघडा बघायला मिळाला.

दुखणं असं, की हँडल डावीकडे वळवलं की इंजिन गप्प. जुन्या बुलेटमध्ये बॅटरीचा करंट चावीतूनच कॉइलकडे जातो; वायर तुटली की ठिणगी गेली. १९९६पर्यंत बनलेल्या या सीडीआयवाल्या आरएक्समध्ये उलटा कारभार. चावी बंद केली की काळी, पांढऱ्या पट्ट्याची वायर अर्थला लागते आणि ठिणगी मरते. ती तुटली तर गाडी बंदच होत नाही, चेसिसला घासून सोलली तर चालत नाही. माझी सोलली होती, बरोबर हँडलच्या मानेपाशी. आधी कुणीतरी तिथेच तारा पिळून टेप मारलेली. तिचा गोंद काकवीसारखा ओघळला होता.

मेस्त्रींनी पहिल्यांदा बॅटरीची मायनस काढली. मग वायर कापली ती मानेपाशी नव्हे, वीतभर मागे, टाकीखाली. आतलं तांबं कळकलेलं. आणखी बोटभर कापलं, लालबुंद तांबं दिसेपर्यंत. कळकलेल्या तांब्याला सोल्डर धरत नाही. नवा तुकडा थेट चावीच्या कपलरपर्यंत पोचणारा, अखंड. म्हणजे वाकायचं ते बिनजोड वायरीने, आणि जोड बसणार निवांत जागी. एवढ्यासाठीच मी पैकीच्या पैकी दिले असते.

स्लीव्ह आधी ओवली. (ती विसरून झालेला जोड मी घरी दोनदा कापलाय.) मग दोन्ही टोकं आडवी धरून एकाचे वेढे दुसऱ्यावर, पूर्वी तारायंत्राच्या तारा जोडत तसे. सोल्डर लावायच्या आधीच ओढून पाहिलं. तार खालून तापवली, सोल्डर वरून तारेलाच टेकवलं. क्षणभर काहीच नाही. मग राळेचा वास आला आणि ते वेढ्यांत मुरलं. गोळा नाही, वेढे मोजता येत होते.

चावीकडे मात्र नवी पिन क्रिंप केली. सोल्डर वायरीच्या आवरणाखाली चढतं, तेवढा भाग काडीसारखा ताठ होतो आणि इंजिनाच्या थरथरीने नेमका त्या काठावर मोडतो. मग टाकीखाली सोल्डर का, असं मी विचारलंच. ‘‘म्हणून तर बांधतो ना,’’ म्हणत त्यांनी जोडाच्या दोन्ही अंगांना वायर हार्नेसला आवळली.

एक खोट काढतोच. तुकडा गुलाबी होता. उद्या दुसरा मेस्त्री टाकी उघडून कपाळाला हात लावणार.

इंजिन चालू ठेवून त्यांनी हँडल या टोकाचं त्या टोकाला सहा-सात वेळा फिरवलं. आवाज हलला नाही. मग चावी फिरवली, आणि ते पहिल्या झटक्यात गप्प झालं.