नीतीचे अधिष्ठान आणि 'धर्म' शब्दाची संदिग्धता

ईश्वर न मानणाऱ्याने नीती का पाळावी, हा प्रश्न मराठी विचारविश्वात आगरकरांपासून चर्चिला गेला आहे. आगरकरांनी नीतीचा आधार मानवी सुखाच्या वृद्धीत शोधला. नांदेडच्या पीपल्स कॉलेजचे प्राचार्य झालेले नरहर कुरुंदकर (१९३२–१९८२) हे उघड नास्तिक होते. नीतीचा विचार ते समाजाच्या इतिहासाच्या अंगाने करीत. बंधने प्रथम समाजधारणेसाठी निर्माण होतात, त्यांना पावित्र्य मागाहून लाभते, असे या दृष्टीचे सार सांगता येईल.

या उपपत्तीवर एक आक्षेप संभवतो. नीती समाजनिर्मित असेल, तर मनुस्मृतीतील विषमताही समाजनिर्मितच होय. मग २५ डिसेंबर १९२७ रोजी महाड येथे झालेल्या तिच्या दहनाचे समर्थन कुरुंदकर कोणत्या आधारे करतात? तो आधार समतेचे मूल्य हा आहे. आणि हे मूल्य उगमाच्या इतिहासातून आपोआप निष्पन्न होत नाही, ते स्वतंत्रपणे पत्करावे लागते. व्युत्पत्ती सांगितल्याने शब्दाचा आजचा अर्थ ठरत नाही, तसेच हे आहे. तथापि ही अडचण एकट्या नास्तिकाची नव्हे. ईश्वराज्ञा मानणाऱ्यासही ती आज्ञा चांगली का, हे सांगावेच लागते.

वादाचा बराच भाग मात्र भाषेने निर्माण केला आहे. 'धृ' धातूपासून सिद्ध झालेला 'धर्म' हा शब्द कर्तव्यवाचकही आहे. 'शेजारधर्म' या शब्दात उपासनेचा गंधही नाही. तोच शब्द 'रिलिजन'चा पर्याय म्हणून रूढ झाल्यामुळे 'धर्माविना नीती' हे शब्द मराठी कानास 'कर्तव्याविना कर्तव्य' असे, म्हणजे वदतोव्याघातासारखे वाटतात. नास्तिकाचा पक्ष युक्तिवाद होण्यापूर्वीच दुर्बळ ठरतो तो यामुळे.

भाषेजवळ दुसरा शब्दही आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे लातूर जिल्ह्यातील किल्लारी परिसरात भूकंपाने हजारो माणसे दगावली. अशा वेळी अनोळखी माणसासाठी ढिगारा उपसणाऱ्याच्या कृतीस मराठी भाषक 'माणुसकी' म्हणतो, आणि करणारा आस्तिक की नास्तिक, यावरून तो शब्द बदलत नाही. शब्दप्रयोग हे नीतीचे प्रमाण नव्हे. परंतु श्रद्धा आणि सद्वर्तन यांतील भेद तत्त्वचिंतकांनी मांडण्याची वाट सामान्य भाषकाने पाहिलेली नाही, एवढे त्यावरून निश्चित म्हणता येते.