नागनिका : नाणेघाटातले एक नाव

व्हायोलेट, डेझी, आयव्ही अशी फुलावेलींची नावे मुलींना ठेवण्याची हौस इंग्लंडात व्हिक्टोरिया राणीच्या काळात बोकाळली. जुन्नरच्या घाटमाथ्यावर निसर्गातूनच आलेले एक स्त्रीनाव त्याच्या जवळजवळ दोन हजार वर्षे आधी कातळात कोरले गेले आहे. ते नाव नागनिका.

नाणेघाटातल्या लेण्याच्या मागच्या भिंतीवर सातवाहन राजघराण्याचे पुतळे होते. आज तिथे पावलांच्या खुणा तेवढ्या दिसतात. वरची ब्राह्मी अक्षरे मात्र बरीचशी शाबूत आहेत. पहिले नाव सिमुक राजाचे. दुसऱ्या ओळीत राणी आणि राजा दोघे आहेत, आणि मान आधी राणीला आहे : अगोदर देवी नायनिका, मग राजा श्री सातकर्णी.

‘नागनिका’ची ‘नायनिका’ झाली ती प्राकृतच्या वळणाने. ‘नगर’चे ‘नयर’ होते, तसा इथेही ‘ग’ विरघळून ‘य’ झाला. चांदीच्या एका नाण्यावर सातकर्णीच्या जोडीने तिचे नाव ‘ग’सकट आहे. शेवटच्या ‘निका’मुळे ‘नाग’ या भारदस्त शब्दाला लेकीच्या हाकेचा गोडवा येतो.

नाग म्हणजे साप, तसाच हत्तीही. यातला कोणता घ्यायचा? बाजूच्या भिंतींवरच्या लांबलचक लेखात राणीच्या विशेषणांमध्ये ‘नागवरदायिनी’ असा शब्द आहे. महिन्या-महिन्याचे उपास करणारी, घरात राहून तापसीचे जिणे जगणारी असे तिचे वर्णन आहे. पुढे अश्वमेध, राजसूय आणि इतर यज्ञांच्या दक्षिणेचा हिशेब येतो : गाई, घोडे, हत्ती, कार्षापण नाणी, एका यज्ञात तर 10,001 गाई. हा हिशेब वाचताना उत्तम हत्ती दान करणारी राणी डोळ्यांपुढे उभी राहते. तरी वर देणारा नागही त्या शब्दातून जात नाही. मला हे दोन्ही अर्थ एकत्रच हवेसे वाटतात : एकात सत्तेचे बळ आहे, दुसऱ्यात मातीशी असलेले नाते. ज्या मुलखात श्रावणात बायका नागाला भाऊ मानून पुजतात, तिथे हे नाव परके वाटत नाही.

मुलीसाठी जुने, निसर्गातले नाव शोधणाऱ्यांनी नागनिकाचा जरूर विचार करावा. आणि त्याआधी एकदा नाणेघाटात जाऊन, अक्षरांना हात न लावता, ते नाव मोठ्याने वाचून पाहावे.