नाव रंगाचे, काम आयनांचे

क्रोमॅटोग्राफीला मराठी पाठ्यपुस्तकांत ‘रंजकद्रव्य पृथक्करण’ म्हणतात. विसाव्या शतकाच्या आरंभी त्स्वेत या रशियन शास्त्रज्ञाने पानांतील रंगद्रव्ये वेगळी केली, त्या इतिहासाला हे नाव धरून आहे. परंतु ते विद्यार्थ्याला शाईच्या ठिपक्यापाशीच थांबवते, असे आम्हांला वाटते. गोंदिया जिल्ह्यातील सौंदडला भातशेतीजवळच्या विहिरीचे पाणी घ्या. त्यातील क्लोराइड, नायट्रेट, सल्फेट हे आयन रंगहीन. गाळणकागदावर काहीच दिसणार नाही. मग पाण्यात काहीच नाही, असे मुलांनी समजायचे का?

आयन वेगळे न करता ओळखू गेल्यास काय होते, हे मंगळावर दिसले. २००८ साली उतरलेल्या फीनिक्स यानात मातीचे द्रावण तपासणारे इलेक्ट्रोड होते. त्यांतला एक नायट्रेटसाठी होता. पण परक्लोरेटला तो सुमारे हजारपट अधिक संवेदनशील. संकेत इतका मोठा आला, की तो नायट्रेटचा मानल्यास नायट्रेटचे वजन मातीच्या नमुन्याहून जास्त भरले असते! म्हणून परक्लोरेट ओळखले गेले: मातीच्या सुमारे अर्धा टक्का.

शास्त्रज्ञांचा तर्क निर्दोष होता. इलेक्ट्रोडची निवडही समजण्यासारखी. ते हलके असतात, त्यांना पंप लागत नाही. तरीही परक्लोरेट थोडेच असते, तर त्याची नोंद नायट्रेट म्हणून होण्याचा धोका होता. नायट्रेट हे सजीवांना उपयुक्त नायट्रोजनाचे रूप; परक्लोरेटचे तसे नाही. म्हणजे चूक साधी ठरली नसती.

यावर उपाय म्हणजे आधी पृथक्करण, मग मोजणी. १९७५ साली पुढे आलेल्या आयन क्रोमॅटोग्राफीत नळीतील अस्तर काही आयनांना अधिक धरून ठेवते, काहींना कमी. ते निरनिराळ्या वेळी बाहेर पडतात आणि द्रावणाची विद्युतवाहकता त्यांची वर्दी देते. रंगाचा प्रश्नच येत नाही. अडचण असते ती जड पंपाची. टेक्सास विद्यापीठाच्या आर्लिंग्टन शाखेत पूर्णेंदु दासगुप्ता यांनी केसाहून बारीक, पोकळ नळ्या वापरल्या. अशा नळीला द्रव अगदी थोडा पुरतो आणि दाबही कमी लागतो.

तेव्हा शिक्षकांनी शाईचा प्रयोग जरूर करावा. मात्र ‘कोणते रंग दिसले?’ याआधी ‘कोण पुढे गेले, कोण मागे राहिले, आणि का?’ असे विचारावे. विहिरीच्या पाण्याला आणि मंगळाच्या मातीला हाच प्रश्न लागू पडतो.