कळफलक बदला म्हणताना आपलं काय चुकतं?

मंडळी, इनस्क्रिप्टच्या प्रचाराबद्दल आज आपण थोडं कठोर बोलणार आहोत. आपण इनस्क्रिप्टवालेच, तेव्हा ही टीका आपल्यावरच आहे.

आपला ठरलेला मुद्दा वेगाचा. ‘कमल’ लिहायला रोमन पद्धतीत पाच कळा, इनस्क्रिप्टमध्ये तीन. हिशेब बरोबर आहे, पण एवढ्यावर कुणी कळफलक बदलत नाही. ड्वोरॅकचंच बघा ना. ऑगस्ट ड्वोरॅक आणि विल्यम डीली यांना अमेरिकेत १९३६ साली त्याचं पेटंट मिळालं. १९४४च्या नौदलाच्या चाचणीचे आकडे प्रचारकांनी वर्षानुवर्षं मिरवले. पुढे १९५६ साली अर्ल स्ट्राँग यांच्या सरकारी चाचणीत ड्वोरॅकचा फायदा दिसला नाही. १९९० साली लीबोविट्झ आणि मार्गोलिस यांनी नौदलाच्या चाचणीतल्या त्रुटीच मांडल्या. सगळा प्रचार एका खुंटीला टांगला, की खुंटी हलल्यावर सगळंच खाली येतं.

दुसरी चूक अधिक गंभीर. शिकताना होणारा तोटा आपण सांगतच नाही. पहिले काही आठवडे हात मंदावतो, चिडचिड होते. संध्याकाळपर्यंत अहवाल द्यायचा असेल त्याला हे कसं परवडणार? अशा माणसाला ‘तुम्हाला मराठीचा अभिमान नाही’ असं सुनावणं हा सरळ अन्याय आहे. त्यानं माणूस ओशाळतो, शिकत नाही.

मग सांगायचं काय? जे खरं आहे ते. स्वर डाव्या हाताला, व्यंजनं बहुतेक उजव्या. ‘क’च्या कळेवर शिफ्ट दाबली की ‘ख’, ‘ग’वर दाबली की ‘घ’. म्हणजे शाळेतली बाराखडी इथे कामाला येते. ‘क’ची कळ गुजराती, बंगाली, कन्नडमध्येही तीच. आणि ‘कमळ’ लिहिताना ‘ळ’ला रोमनमध्ये काय लिहू, हा वळसा संपतो. मराठी शब्द मराठी अक्षरांतच सुचतो. आपल्याला हेच तर हवं होतं!

आणि मागणी लहान ठेवू या. अहवाल जुन्याच पद्धतीनं होऊ दे. रोज दहा ओळी तेवढ्या इनस्क्रिप्टवर. कार्यशाळेला किती जण आले, हा आकडा आपण हौसेनं सांगतो. सहा महिन्यांनी त्यातले किती जण लिहितायत, हे आता विचारायला हवं.