रूपसाम्य आणि व्याकरणाची घडण : वारली व कोकणा बोलींच्या वर्गीकरणासंबंधी

पालघर जिल्ह्यातील जव्हार तालुक्यात, दाभोशाच्या परिसरात, वारली आणि कोकणा या समाजांचा शेजार जुना आहे. ग्रिअर्सन यांच्या भाषिक सर्वेक्षणात मात्र त्यांच्या बोली दोन निरनिराळ्या ग्रंथांत गेल्या. वारलीचा समावेश १९०५ च्या सातव्या खंडात मराठीच्या बोलींत झाला. कोकणा लोकांची बोली १९०७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या नवव्या खंडाच्या तिसऱ्या भागात भिल्ली व खानदेशी यांच्या पंक्तीस बसली. या विभागणीमागील कसोटी तपासून पाहणे अगत्याचे आहे.

शब्दसंग्रहापेक्षा प्रत्ययांना अधिक महत्त्व देण्यात सर्वेक्षणाचे मोठेच शास्त्रीय भान दिसते. शब्द बाजारहाटात सहज उसने घेतले जातात. प्रत्यय तितक्या सहजतेने घेतले जात नाहीत. ‘घराचा’ या मराठी रूपापुढे गुजरातीत ‘घरनो’ आणि अहिराणीत ‘घरना’ येते. मराठी ‘केले’पुढे गुजराती ‘कर्युं’ येते. हे भेद निश्चितच अर्थपूर्ण आहेत. परंतु प्रत्ययाचा ध्वनी आणि त्यामागील व्याकरणिक योजना या दोन वस्तू एक नव्हेत.

मराठीत ‘घोडा’चे प्रथम ‘घोड्या’ असे सामान्यरूप होते व नंतर ‘ला’ लागतो. गुजरातीत ‘घोडो’चे ‘घोडाने’ व हिंदीत ‘घोडा’चे ‘घोडे को’ होते. प्रत्यय तिन्ही ठिकाणी भिन्न, योजना मात्र एकच. याच्या उलट ‘आम्ही’ आणि ‘आपण’ यांचे उदाहरण आहे. दोन्ही शब्द आर्यकुलातील. पण श्रोत्याला वगळणे व सामावून घेणे हा भेद प्रमाण हिंदीत व्याकरणबद्ध नाही, तमिळच्या ‘नांगळ्’ व ‘नाम्’ यांत मात्र तो स्पष्ट आहे. तात्पर्य, रूप एका कुळाचे आणि योजना दुसऱ्या कुळाशी जुळणारी, असे घडू शकते. सांगली जिल्ह्यातील कुपवाडविषयी गम्पर्झ व विल्सन यांनी १९७१ मध्ये हेच दाखविले. कन्नड, मराठी आणि उर्दू यांचे शब्द व प्रत्यय तेथे वेगळेच राहिले, वाक्यरचना मात्र परस्परांजवळ आली. तेथील मराठीत ‘नदी आलं’ असा प्रयोग आढळतो. मानवेतर नामे नपुंसकलिंगी मानण्याची ही रीत कन्नडला जवळची आहे.

या दृष्टीने सर्वेक्षणाची साधनसामग्री अपुरी ठरते. उधळ्या पुत्राच्या दृष्टांताचे भाषांतर हा तेथील तुलनेचा मुख्य आधार होता. सर्वत्र एकच मजकूर असल्याने तुलना सुकर झाली, हे मान्य केले पाहिजे. परंतु भाषांतरकार मूळ वाक्याची घडण नकळत उचलतो, आणि योजनेची पारख त्याच ठिकाणी फसते.

हा केवळ ग्रंथालयातील वाद नव्हे. बोलीला आधी मराठीची शाखा म्हणावयाचे आणि मग प्रमाण मराठीहून भिन्न असलेले तिचे प्रत्येक रूप ‘अशुद्ध’ ठरवावयाचे, ही चूक शाळेच्या पाटीपर्यंत पोहोचते. ते रूप स्वतंत्र नियमाने सिद्ध झालेले असेल, तर दोष विद्यार्थ्याचा नसून परीक्षकाच्या व्याकरणाचा होय. म्हणून दाभोशासारख्या ठिकाणी दोन्ही बोलींतील स्वाभाविक संभाषणे टिपून, एकाच प्रश्नावलीने त्यांची संपूर्ण रूपावली सिद्ध करणे हे पहिले कार्य आहे. वर्गीकरणाचा निर्णय त्यानंतरच करणे युक्त होईल.