भागीदार यंत्र, धाकधूक माणसाची

विज्ञानकथेत खून पडला की आम्हा कॉमर्सवाल्यांचा आक्षेप ठरलेला. लेखकाच्या हाती हवी ती यंत्रे! शेवटच्या पानावर खिशातून एखादे किरणयंत्र काढायचे आणि हिशेब जुळवून मोकळे व्हायचे. बँकेत न जुळणारी रक्कम ‘सस्पेन्स’ खात्यात टाकतात, त्यातलाच प्रकार. जॉन कॅम्बेल या नामवंत संपादकालाही विज्ञानकथा आणि रहस्यकथा यांची सोयरीक अशक्यच वाटे. आयझॅक असिमॉव्हने ती जमवून दाखवली. पुस्तकाचे नाव ‘द केव्ह्ज ऑफ स्टील’, साल १९५४.

गोष्ट दूरच्या भविष्यातल्या न्यूयॉर्कची. अख्खे शहर पोलादी छपराखाली. पृथ्वीवर माणसे ८०० कोटी. (असिमॉव्हचा हा आकडा आपण २०२२ सालीच गाठला, तोही छपराशिवाय!) शहराला लागून परग्रहवासीयांची वसाहत आणि तिथे डॉ. सार्टन या शास्त्रज्ञाचा खून. तपास येतो इलायजा बेली या पोलिसाकडे. अट एकच : जोडीला परग्रहवासीयांचा आर. डॅनील घ्यायचा. हा ‘आर’ म्हणजे रोबो. चेहरा हुबेहूब मयताचा.

कोडे मात्र झकास आहे. रोबोला उघड्या माळावरून चालत जाता येते, पण नियमानेच माणूस मारता येत नाही. शहरी माणसाला मारता येते, पण उघड्या आभाळाखाली पाऊल टाकायचे म्हणजे त्याचे पाय लटपटतात. म्हणजे ज्याला जमते तो करणार नाही आणि जो करील त्याला जमत नाही. आमच्या कचेरीतल्या कामवाटपाचे याहून अचूक वर्णन मी वाचलेले नाही. नियम आधी सांगून त्यांतच वाचकाला अडकवायचे, ही असिमॉव्हची सचोटी. किरणयंत्र शेवटपर्यंत निघत नाही.

पण मला पुस्तक धरून ठेवते ते खुनासाठी नव्हे. बेलीच्या कचेरीत ऑफिसबॉयच्या जागी रोबो आलेला असतो आणि पोरगा घरी बसलेला असतो. तपास डॅनीलने आधी लावला तर बेलीची श्रेणी गेलीच समजा. आणि या शहरात श्रेणी गेली की घरातले वॉशबेसिनसुद्धा जाते. बापाची श्रेणी गेलेली त्याने लहानपणी पाहिली आहे. म्हणून तो उतावळेपणाने भलतेच आरोप करतो, तेही एकदा नाही, दोनदा, आणि थेट जोडीदारावर! पासबुक छापणारे यंत्र आल्या दिवशी त्याच्याकडे ज्या नजरेने बघतात, ती नजर ओळखणाऱ्याला बेलीचा राग येत नाही.

उणीवही इथेच आहे. डॅनीलला मत्सर नाही, भूक नाही, पगारवाढीची यादी नाही. त्यामुळे चुरस लागते ती एकतर्फी. बेलीची बायको जेसी तर मधूनमधून घाबरण्यापुरतीच येते. तरी एका प्रसंगाने सगळे वसूल होते : डॅनीलच्या लेखी न्याय म्हणजे कायद्याची अंमलबजावणी, संपले. बेली त्याला बायबलातली क्षमेची गोष्ट सांगतो. यंत्र ती ऐकून घेते, विसरत नाही.

खुनी कोण, ते सांगत नाही. पण शेवट वाचल्यावर एवढे पटते, की यंत्र शेजारी बसले म्हणून माणसाची खुर्ची जातेच असे नाही. त्याला शिकवण्यासारखे आपल्यापाशी काही शिल्लक असले म्हणजे झाले.